शनिवारचा सिनेमा: कोणता मॅकबेथ लावायचा?

वैशाली जोशी, ए-३०२: नमस्कार. गेल्या शनिवारी गच्चीवर शेक्सपिअरच्या नाटकावरचा १९७१ चा मॅकबेथ लावला, त्याबद्दल विचारायचंय. मारेकरी मॅकडफ सरदाराच्या घरात शिरतात आणि लहान पोराला आईच्या डोळ्यांदेखत मारतात. पुढच्या सतरंजीवर आपलीच पहिली-दुसरीतली मुलं बसली होती. आमचा ओम अजून एकटा झोपत नाही. लावण्याआधी कुणी बघतं की नाही?

पाटील सेक्रेटरी: ताई, 'फक्त मोठ्यांसाठी' अशी नोटीस लिफ्टमध्ये लावली होती.

शिंदे, सी-५०१: लिफ्ट चालू असती तर वाचली असती.

पाटील सेक्रेटरी: शिंदेसाहेब, तो विषय सर्वसाधारण सभेत झालाय. मेंटेनन्स वेळेवर आला की कामंही वेळेवर होतात.

शिंदे, सी-५०१: रोख माझ्याकडे असेल तर नाव घेऊन बोला.

गोखले काका, ए-१०१: सिनेमे राहू द्या. तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९५४ साली मॅकबेथचं 'राजमुकुट' केलं. नाशिकमध्ये राहून आपण ते वाचत नाही. आधी ते वाचा.

भालेराव सर, बी-२०४: वैशालीताई, तुमचा राग रास्त आहे. पोराचा खून मूळ नाटकातही रंगमंचावरच होतो, चौथ्या अंकात. पण मॅकबेथ गादीसाठी डंकन राजाचा खून करतो, तो शेक्सपिअरने आत, नजरेआड ठेवलाय. प्रेक्षकांना दिसतात ते फक्त मॅकबेथचे रक्ताळलेले हात. १९७१ च्या सिनेमाचा दिग्दर्शक पोलान्स्की, त्याने कॅमेरा थेट राजाच्या बिछान्यापाशी नेला. १९६९ मध्ये त्याच्या गरोदर पत्नीची घरात घुसून हत्या झाली, त्यानंतरचा हा सिनेमा. तो इतका हिंसक का झाला असेल याचा अंदाज येतो. तरी मुलांसमोर नको, हे खरंच.

मृणाल, सी-३०३: सर, डंकनचा खून बरेच जण दाखवतात. २०१५ च्या फासबेंडरच्या मॅकबेथमध्ये आहे, २०२१ च्या डेन्झेल वॉशिंग्टनच्या मॅकबेथमध्येही आहे.

भालेराव सर, बी-२०४: जपानी दिग्दर्शक कुरोसावा दाखवत नाही. म्हणूनच या शनिवारी १९५७ चा 'थ्रोन ऑफ ब्लड' लावा. शेक्सपिअरची एक ओळ त्यात नाही, सगळं जपानी सामुराईंच्या काळात नेलंय, तरी नाटकाच्या सर्वांत जवळ तोच जातो. मॅकबेथ झालेला मिफुने भाला घेऊन आत जातो आणि आपण बाहेर त्याच्या बायकोबरोबर थांबतो. खोलीत आधीच्या एका फितुराच्या रक्ताचा न निघणारा डाग. ती बसून राहते, मग उठते, पुन्हा बसते. नवरा परत येतो तेव्हा त्याची बोटं भाल्यावर अशी आवळलेली असतात की तिला तो ओढून सोडवावा लागतो. खून न दाखवता इतकी भीती! बायको झालेल्या इसुझु यामादाचा चेहरा जपानच्या पारंपरिक नो नाट्यातल्या मुखवट्यासारखा स्थिर, आणि ती अंधारात शिरून परत येते तेव्हा ऐकू येते फक्त रेशमी कपड्यांची सळसळ.

निखिल, बी-६०२: सर, आदर ठेवून सांगतो, मॅकबेथवरच्याच हिंदी 'मकबूल'समोर मला हे थंड वाटतं. तिथे निम्मी (तब्बू) टोळीचे म्होरके अब्बाजी यांची रखेल आहे, मकबूलची बायको नाही. त्यामुळे खुर्ची आणि बाई दोन्ही एकाच माणसाकडून हिसकावायच्या. नाटकात भविष्य सांगणाऱ्या तीन चेटकिणींच्या जागी ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह, दोन पोलीस, कुंडल्या मांडणारे. आणि तब्बू भिंतीवरचे नसलेले डाग पुसते ते कोण विसरेल?

भालेराव सर, बी-२०४: तब्बूबद्दल दुमत नाही. पण ते पोलीस नुसतं भविष्य सांगत नाहीत, शक्तीचं संतुलन राखायचं म्हणून डावही खेळतात. मग मॅकबेथचं पाप अर्धं त्यांच्या खात्यावर जातं.

निखिल, बी-६०२: मुंबईच्या टोळ्यांत ते तसंच असतं ना सर! गोळी मकबूलच झाडतो.

कदम काकू, सी-१०२: गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

गोखले काका, ए-१०१: पुन्हा सांगतो. 'राजमुकुट', १९५४. दुर्गाबाई खोटे होत्या त्यात. सार्वजनिक वाचनालयात विचारा.

शिंदे, सी-५०१: गाडी माझ्याकडच्या पाहुण्यांची आहे, काढतोय. टँकर आला की आमचीच गाडी दिसते.

मृणाल, सी-३०३: निखिल, 'मकबूल' मलाही आवडतो, पण अब्बाजींचा खून त्यात दाखवलाय. वैशालीताईंचा मुद्दा तिथेच येतो. २०२१ चा कृष्णधवल पण छान आहे. कॅथरीन हंटर एकटीच तिन्ही चेटकिणी करते, अंग असं वळवते की बघवत नाही.

वैशाली जोशी, ए-३०२: मला सिनेमे बंद करायचे नाहीत. जपानीच्या शेवटी बाणांचा पाऊस पडतो, एक मानेतून आरपार जातो, हे मी आत्ता यूट्यूबवर बघितलं. 'खून दाखवत नाही' कसं म्हणता सर?

भालेराव सर, बी-२०४: मी डंकनच्या खुनाबद्दल बोलत होतो, ताई. शेवट भयंकर आहेच. मिफुनेच्या आजूबाजूला खऱ्या तिरंदाजांनी खरे बाण मारले होते. नाटकात मॅकडफ मॅकबेथला द्वंद्वात मारतो, इथे त्याचेच सैनिक मारतात. हा फरक मोठ्यांनी बघावा म्हणूनच माझा आग्रह. लहान मुलांना नको.

गोखले काका, ए-१०१: आणि 'राजमुकुट'?

भालेराव सर, बी-२०४: काका, सिनेमाआधी त्यातला खुनाचा प्रवेश तुम्ही वाचून दाखवा. वीस मिनिटं तुमची.

गोखले काका, ए-१०१: चालेल. माईक लागेल.

कदम काकू, सी-१०२: सबटायटल इंग्रजी असणार. आमच्या सासूबाईंना यायचंय, त्यांना कसं कळायचं?

मृणाल, सी-३०३: मी आजींच्या शेजारी बसते, मराठीत सांगत राहीन. बोलणं तसंही कमी आहे त्यात.

पाटील सेक्रेटरी: ठरलं. शनिवार, संध्याकाळी ७.३०, गच्ची. आधी 'राजमुकुट'चं वाचन, मग 'थ्रोन ऑफ ब्लड'. १२ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. 'मकबूल' पुढच्या महिन्यात. नोटीस याच ग्रुपवर.

वैशाली जोशी, ए-३०२: दारावर कोण उभं राहणार तेही लिहा.

शिंदे, सी-५०१: मी राहीन. माझा बघून झालाय.