मदत हवी आहे : निपाणीजवळ ३० बाय ४० ची जागा, वर पाच फूट काळी माती. पाया कसा घ्यावा?

उंबरठा_नवा
नमस्कार मंडळी. निपाणीपासून सात-आठ किलोमीटरवर ३० बाय ४० ची जागा आहे. शेजारच्या विहिरीची कड बघितली तर पाच फुटांखाली मुरूम दिसतो, वर सगळी काळी. आता तळमजला, पुढं जमलं तर वर एक मजला. स्लॅब साधारण ७०० चौरस फूट. गवंडी म्हणतोय, तीन फूट चर काढू, डबर भरू, त्यावर वीटकाम; कॉलम कशाला? खानापूरकडचा चिरा (जांभा दगड) बरा की वीट? स्लॅबला माल किती लागेल? दिवाळीनंतर काम काढलं तर पावसाच्या आत होईल का?

ओळंबा
तीन फुटांवर थांबलात तर पाया काळ्या मातीतच राहिला की. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. घराच्या कडेनं जास्त, मधे कमी, त्यामुळं भिंत एकसारखी हलत नाही. पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागतं आणि मार्च-एप्रिलात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मग दरवर्षी पुट्टी भरत बसा.

विहिरीवरून अंदाज बांधू नका. जेसीबी बोलवून जागेतच तीन खड्डे काढा : समोरासमोरचे दोन कोपरे आणि एक मधे. खड्ड्यातली माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनं चाळा. खुणा असलेल्या दोन उभ्या काचेच्या नळ्यांत १०-१० मिली माती घाला. एकीत १०० मिलीपर्यंत पाणी, दुसरीत तेवढंच रॉकेल. ढवळून हवा बाहेर काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधला थर १० आणि पाण्यातला १६ वर गेला, तर फुगवटा ६० टक्के. पन्नासच्या वर गेला की त्या मातीवर काहीही टेकवू नये, असं माझं मत. नक्की आकडा प्रयोगशाळेतूनच घ्या, हे फक्त अंदाजाला.

मुरूम पाच फुटांवर असेल तर काम सोपं आहे. काळी माती ओलांडून मुरमात निदान एक फूट शिरा, तळाला ४ इंच पीसीसी, म्हणजे सळीशिवायचं काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १:४:८), त्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमचा रुंद तळ, मग कॉलम आणि वर सगळ्यांना बांधणारा प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई. निघालेली काळी माती परत खड्ड्यात ढकलू नका. चूक इथंच होते, कारण ती फुकट समोर पडलेली असते. भरावाला मुरूमच, ६ ते ८ इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर.

उंबरठा_नवा
खड्डे झाले. दोन ठिकाणी साडेचार-पाच फुटांवर मुरूम लागला, पण पूर्वेच्या कोपऱ्यात सात फुटांवरही काळीच. तिथं पाच फुटांवरच थांबलं तर चालेल का? गवंडी म्हणतोय एका कॉलमनं काय होतंय.

ओळंबा
त्या एकाच कॉलमनं होतंय. बाकीचे मुरमावर गप्प बसणार आणि हा एकटा वर-खाली करणार. तिथं मुरूम लागेपर्यंत खाली जा, फुटिंग खोल घ्या. जमिनीखालचा कॉलम लांब होईल, म्हणून इंजिनिअरकडून सळ्या आणि मधला टाय बीम (कॉलम एकमेकांना बांधणारी तुळई) ठरवून घ्या. सगळीकडं दहा-बारा फूट काळी लागली असती तर मात्र खोदाई सोडून जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, हाच मार्ग होता.

खोदलेला खड्डा उघडा ठेवू नका. अवकाळी पाऊस पडून तळ चिखल झाला तर तेवढा थर खरवडून काढा, मगच पीसीसी. म्हणून दिवाळीनंतरचा मुहूर्त चांगला : डिसेंबरपर्यंत जमिनीच्या वर या, मार्चअखेर स्लॅब. घराभोवती तीन फुटांची पक्की पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि छतावरचं पाणी पाइपनं लांब सोडा. पायाची माती वर्षभर सारख्याच ओलीत राहिली पाहिजे. प्लिंथ रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट वर धरा, रस्ता दर डांबरीकरणाला चढत असतो.

चिरेबंदी
चिऱ्याचं बोलायचं तर खानापूर, जांबोटीकडं तो शोभतो आणि परवडतो. निपाणीपर्यंत वाहतूक धरली आणि कॉलम-बीमच्या फ्रेमचं घर असलं, तर भिंत नुसती भरायची आहे. तिथं नऊ इंची जड चिरा कशाला? वीटच घ्या. कंपाउंडला चिरा हवा असेल तर ताजा काढलेला लगेच लावू नका. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवेत ठेवला की घट्ट होतो. दोन-तीन महिने रचून ठेवतात. पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी असलेला चिरा बाजूला काढा, पावसात त्या धुपून भोकं पडतात. सुका चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, परत वजन करा. बारा टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर माल परत पाठवा.

पांढरी_पाणंद
कागदांचं कुणी बोललं नाही. जागा ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूवरचे (कर्नाटकात ग्रामपंचायत मालमत्तांच्या नोंदीची ऑनलाइन व्यवस्था) फॉर्म ९ आणि ११ ए काढून घ्या. ११ बी, म्हणजे नियमित नसलेल्या मालमत्तेचा फॉर्म, हातात आला तर बहुतेक बँका कर्जाला नकार देतात. चक्कबंदी, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, कन्नड येणाऱ्याकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या आणि खरेदीखताशी जुळवा. नावाचं स्पेलिंग आधार, खरेदीखत आणि फॉर्ममध्ये एकच हवं. जागा गुंठ्यात सांगितली असेल तर टेप लावा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, ३० बाय ४० म्हणजे १२००. मीटरसाठी हेस्कॉमकडं (इथली वीज कंपनी) आधी तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा, शेजाऱ्याच्या वायरवर मिक्सर चालवू नका.

खडीवाला_दादा
स्लॅबचा हिशेब. ७०० चौरस फूट आणि ५ इंच जाडी म्हणजे साधारण २९२ घनफूट, ८.२५ घनमीटर. १:१.५:३ ला सिमेंट ६६-६७ पोती, वाळू सव्वा ब्रास, खडी अडीच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). बीम यात नाहीत. इंजिनिअरनं एम २५, म्हणजे याहून मजबूत प्रतीचं काँक्रीट, दिलं असेल तर हे प्रमाण चालणार नाही.

माप घमेल्यानं नको, कारण प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. ३५ लिटरचा फर्मा (मापाचा खोका) करून घ्या : एका पोत्याला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी, पाणी २५ लिटर. एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, ओली असेल तर पाणी त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून कामगार हळूच बादली ओततात, तिथं उभं राहायला माणूस ठेवा. एम सँडच्या नावावर कच (खडीचा भुगा) येते, म्हणून मूठभर ग्लासात ढवळून बघा. पाणी गढूळच राहिलं तर ट्रक परत.

सळी नगावर घेऊ नका, वजनावर घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरचं वजन : १२ मिमीची १२ मीटर सळी १०.६६ किलो, ८ मिमीची ४.७४. स्लॅबच्या सळीखाली २० मिमीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक (सळी फळीपासून वर ठेवणारे ठोकळे). खडी किंवा फरशीचे तुकडे सरकतात आणि सळी फळीला टेकते. दुसऱ्या दिवशी वाफे करून पाणी साठवा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान दहा दिवस, चौदा केले तर उत्तम. टेकूही चौदा दिवस काढू नका. वीस फुटांहून लांब बीम असेल तर त्याखालचे एकवीस.

उंबरठा_नवा
मनापासून आभार. शेवटचं एक : सेप्टिकचा शोषखड्डा पाच फुटांचाच काढायचं ठरलंय.

ओळंबा
काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, पहिल्याच पावसाळ्यात तो तुंबेल. मुरमात निदान तीन-चार फूट उतरवा, पायापासून दहा फूट तरी लांब आणि त्या विहिरीपासून साठ फूट. कोपऱ्यात मुरूम किती खोल आहे ते बघूनच जागा ठरवा.

उंबरठा_नवा
पश्चिमेच्या कोपऱ्यात मग. जेसीबी सोमवारी परत येतोय, तिथंही एक खड्डा काढून बघतो.