बालगंधर्वांचं वाटोळं खरंच गोहरबाईंनी केलं का?

तिसरी_घंटा: 15 जुलै, बालगंधर्वांची पुण्यतिथी, जवळ आली की तीच गोष्ट फिरू लागते. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, राजासारखे होते, गायिका गोहर कर्नाटकी त्यांच्या नाटक कंपनीत आली आणि सगळं धुळीला मिळालं. जरा सनावळी बघा. गंधर्व नाटक मंडळीतले भागीदार निघून गेल्यावर कर्जाचा डोंगर एकट्या नारायणरावांच्या डोक्यावर आला तो 1921 च्या आसपास. 1932 ला 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाले. 1935 ला ते स्वतःच प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. बाई कंपनीत आल्या त्या यानंतर. मग बुडवलं कोणी?

जुना_पास: सनावळी ठीक, पण पब्लिक तिकीट काढायचं ते नारायणरावांच्या स्त्रीभूमिका, 'मानापमान'ची भामिनी, 'स्वयंवर'ची रुक्मिणी, बघायला. त्या जागी बाईंना उभं केल्यावर लोक कशाला येतील? जुनी माणसंही दुरावली ती त्यानंतरच.

तिसरी_घंटा: जन्म 1888 चा. 1938 ला पन्नाशी. लोकांनी किती वर्षं त्या पदराकडे बघत राहायचं?

वसंतसेना: गोहरबाई म्हणजे ग्रामोफोनवाल्या ना? 'माय नेम इज गौहर जान' म्हणणाऱ्या?

तिसरी_घंटा: नाही हो, त्या कलकत्त्याच्या, 1930 लाच म्हैसूरला वारल्या. ह्या कर्नाटकच्या. नारायणरावांची गायकी जशीच्या तशी गळ्यात उतरवलेल्या.

खर्जातला_सा: खरा खड्डा हिशेबाचा. रंगमंचावर खरे शालू, खरं अत्तर, साथीला ऑर्गन, तबल्यावर साक्षात थिरकवाँ. मालकाला पैसा आला किती, गेला किती याचं सोयरसुतक नाही. गंमत म्हणजे याच माणसाने 1919 ला 'एकच प्याला'त सिंधूसाठी ठिगळांचं लुगडं नेसलं आणि लोक ढसाढसा रडले. साधेपणा जमत होता की! पण तो भूमिकेपुरता.

जुना_पास: हिशेब ठेवायला माणसं असतात. मालक दिलदार म्हणूनच तर ते नाटक तसं दिसलं. 1921 ला केशवराव भोसल्यांसोबत संयुक्त मानापमान झालं, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. कर्जात बुडालेला माणूस असं करतो. तुम्ही त्याला उधळ्या म्हणा.

माजघर: तुम्ही सगळे कंपनीचं बोलताय. नारायणरावांच्या पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं, कोणी बोलणार का? 1911 ला मानापमानच्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली. नारायणराव तोंडाला रंग लावून उभे राहिले, आणि शंभर वर्षं आपण 'केवढी ही कलानिष्ठा' म्हणून टाळ्या वाजवतोय. त्या रात्री बिऱ्हाडी आई एकटी होती की नव्हती, एका तरी भाषणात ऐकलंय? पुढे गोहरबाई आल्या तेव्हाही संसार लक्ष्मीबाईंचाच मोडला. 1940 ला गेल्या बिचाऱ्या. मला गोहरबाईंचा राग नाही, पण त्यांना निर्दोष ठरवायच्या घाईत ह्या बाईला पुन्हा विंगेत ढकलू नका.

तिसरी_घंटा: रास्त. पण तो हिशेब नारायणरावांच्या नावे मांडा ना. बाईंच्या खात्यावर का? पाय गेल्यावर त्यांना सांभाळलं कोणी? बाई मुसलमान आणि गाणाऱ्या घरातल्या नसत्या तर एवढी गरळ ओकली गेली असती?

जुना_पास: आणला का जातधर्म मध्ये! सेवा केली, मान्य. त्याने कंपनी वाचली नाही. आणि बोलपटांचं कारण सांगू नका. बापूराव पेंढारकर गेल्यावर त्यांची ललितकलादर्श नाटक कंपनीही संपल्यात जमा होती, भालचंद्र पेंढारकरांनी पुन्हा उभी केलीच की.

खर्जातला_सा: केली ती नवी नाटकं घेऊन. 1957 ला 'दुरितांचे तिमिर जावो' चाललं कारण ते त्या वेळच्या प्रेक्षकाचं होतं. गंधर्व मंडळी मात्र फिरून फिरून स्वयंवर नि मानापमानवरच. तिथे भामिनी कोण झालं याने काय मोठा फरक पडणार होता?

जुना_पास: आमच्या आजोबांना पडत होता. ते उठून आले होते प्रयोगातून.