'बेक ऑफ बघत बघत केक करा' म्हणे!

चिंचगूळ: आरामशीर वीकेंडसाठी सल्ला देणारी एक पोस्ट काल वाचली. शनिवारी दुपारी टीव्हीवर 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही तंबूत होणारी केक-पावाची ब्रिटिश स्पर्धा लावा, सोबत आपणही एक स्पंज करायला घ्या, संध्याकाळी गरम केक, चहा आणि पुढचा भाग. खाली बदामाच्या इमोजींची रांग. मला मात्र वाचून इतका राग आला की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

एक तर तो कार्यक्रम बघून केक करता येत नाही. टेक्निकल फेरीत खुद्द स्पर्धकांनाच कृती अर्धवट देतात. वेळ नाही, तापमान नाही, नुसतं 'भाजा'. खेळच तो आहे, मग आपण सोफ्यावरून काय शिकणार? आणि ती माणसं शनिवार-रविवारीच तंबूत घाम गाळतात, कारण एरवी त्यांना नोकऱ्या असतात. आपण त्याला आराम समजून बघतो. बघा, हरकत नाही. पण तेच आपल्या ओट्यावर आणलं की शनिवार कुणाचा जातो? बटर आधी बाहेर काढा, मैदा चाळा, टिनला कागद लावा, नंतर तुपकट भांड्यांचा ढीग. आमच्या मावशींना रविवारी सुट्टी असते. बाकीचे टीव्हीसमोर आणि मी आतून ओरडून विचारतेय, "कोण गेलं रे बाहेर?" एक तर बघा, नाहीतर भाजा.

ओटीजी_पुणे: पूर्ण असहमत. पोळ्या कराव्याच लागतात, केक कुणी मागितलेला नसतो. म्हणून तर मजा. मिश्रण आत गेलं की 180 अंशांवर 35-40 मिनिटं तुम्हाला काही काम नसतं, तेवढ्यात बराचसा भाग बघून होतो. आमच्याकडे अंडी मुलगा फेटतो, भांडी नवरा घासतो. तुमच्याकडे कुणी भांड्याला हात लावत नसेल तर त्यात केकचा काय दोष?

चिंचगूळ: माझ्या घरावर घसरू नका. असे सल्ले वाचून शनिवारी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, एवढंच म्हणतेय.

स्लाउकर: इथे इंग्लंडमध्ये हा कार्यक्रम मंगळवारी रात्री लागतो. 2017 पासून चॅनल फोरवर, आधी बीबीसीवर होता. थकून आल्यावर आम्ही नुसता बघतो, ओव्हनला हातही लावत नाही. मला आवडतो कारण जिंकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, केक ठेवायचा स्टँड मिळतो. 2018 मध्ये राहुल मंडल जिंकला. मूळचा कोलकात्याचा, शेफील्डला संशोधक. माझी आई तेव्हा इथे होती, अंतिम भागात तिला रडू आवरेना. तिनं आयुष्यात केक केलेला नाही. तिला शिकायचं नव्हतंच.

लोखंडी_तवा: ओटीजी ओव्हन, तंबू, स्टँड! गावाकडं कुणाकडं आहे हे? कुकरची शिट्टी-रबर काढा, तळाला मीठ, त्यावर चाळणी, वर डबा, मंद आच. कणीक, गूळ, दही. झाला केक. मैदा पोटात जातोच कशाला? आमच्या आईनं आम्हाला याच केकवर वाढवलं.

ओटीजी_पुणे: अवांतर, पण हे खोडलंच पाहिजे. मैद्याच्या मापानं कणीक घालता आणि वीट निघाली की ओव्हनवाल्यांना नावं ठेवता. कणकेत कोंडा असतो, चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं. शिवाय दही आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. ते मिश्रण झाकून सीरियल बघत बसलात तर फुगणार काय?

लोखंडी_तवा: वीट? आमच्या आईच्या हातच्या केकला वीट म्हणताय? पुण्याबाहेर पडा जरा.

निवृत्त_फिटर: आईबद्दल कुणी बोललेलं नाही. पण रिकामा कुकर तापवणं थांबवा. पाण्याशिवाय तापवू नका असं कुकरच्या पुस्तिकेतच असतं. ॲल्युमिनियमचा तळ वाकतो, मग रोजच्या भाताला वाफ धरत नाही. सुनेनं लॉकडाऊनमध्ये हेच केलं, नवा कुकर टाकून द्यावा लागला. जाड बुडाचं पातेलं घ्या.

लोखंडी_तवा: तीस वर्षं तोच कुकर वापरात आहे आमच्याकडं. तुमच्या सुनेनं आच मोठी ठेवली असणार.

निवृत्त_फिटर: तिनं आच किती ठेवली ते तुम्ही बघायला आला होता का?

बार्देशकार: भांडण कुकरचं चाललंय म्हणून सांगतो. आमच्या गोव्याच्या बिबिंकेला, म्हणजे थराथरांच्या केकला, 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, तूप. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग, तो भाजला की तूप आणि पुढचा थर. अख्खी दुपार जाते. नजर हटली की थर करपला.

चिंचगूळ: बघा! मी हेच म्हणतेय. टीव्ही बघत बघत होतं का हे?

बार्देशकार: टीव्ही नव्हता, पण आजी आणि तिची जाऊ दुपारभर चुलीपाशी गप्पा मारत बसायच्या. त्यांना ते काम वाटत नसे. आजीला एकटीला करावी लागली असती तर तिनं केलीच नसती.

चिंचगूळ: हे मान्य. सोबत कुणी असेल तर वेगळं. पण त्या पोस्टमध्ये सोबत माणूस नाही, टीव्ही आहे.

ओटीजी_पुणे: टेक्निकल फेरीचं तुमचं बरोबर आहे, एवढंच मान्य करते. बघण्यातून हुरूप येतो, कृती आधी लिहूनच घ्यावी लागते. आराम कशात मानायचा ते मात्र तुम्ही ठरवू नका.

लोखंडी_तवा: कणकेला दूध किती वाढवायचं ते सांगा. पटलं म्हणून विचारत नाही, रविवारी करायचाय म्हणून.

ओटीजी_पुणे: वाटीमागे दोन-तीन चमचे जास्त. पीठ, दूध, दही पंधरा मिनिटं मुरू द्या. सोडा शेवटी, घातला की लगेच आत.

निवृत्त_फिटर: आत म्हणजे पातेल्यात. कुकरात नाही.