घरचे सगळे (व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप): सोनूच्या गाड्या

शनिवार

सोनू (डब्लिन): [५ फोटो]

सोनू: आज ब्रे ते ग्रेस्टोन्स चालत गेलो, डोंगराच्या कडेने. उजेड बरा मिळाला. शेवटचा फोटो खास काकांसाठी.

आई: समुद्र किती जवळ रे! गाडीवर लाटा येत नाहीत?

सोनू: लाटांपेक्षा जमीन ढासळण्याचा त्रास जास्त होता आई. हा मार्ग ब्रुनेल नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने आखला, अगदी कड्याच्या काठावरून. नंतर रूळ पुन्हा पुन्हा आत सरकवावे लागले, नवे बोगदे खोदावे लागले. इथले लोक अजून 'ब्रुनेलचा वेडेपणा' म्हणतात.

मीनाआत्या: खंडाळ्याच्या घाटासारखं वाटतंय, फक्त दरीच्या जागी समुद्र. स्नेहा कुठे दिसत नाही ती?

स्नेहा: मी घरी आत्या. मागच्या वेळी एका मालगाडीसाठी पावसात दीड तास उभी होते, तेव्हापासून मी येत नाही.

बंडूकाका: शेवटचा फोटो झूम करून बघितला. वायरचा इन्सुलेटर एवढासाच आहे. हे आपलं आताचं २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट एसी) नाही.

सोनू: काका!! बरोबर. १५०० व्होल्ट डीसी.

बंडूकाका: मग आपलंच म्हणायचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० डीसीवर. मी मोटरमन झालो तेव्हा तेच, रिटायर झालो तेव्हाही हार्बरला तेच. मी २०१५ ला घरी बसलो, डीसी २०१६ ला. पाठोपाठ.

तन्मय: काका, डीसी का सोडलं पण?

बंडूकाका: व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त लागतो. करंट जास्त म्हणून तार जाड, आणि दर थोड्या अंतरावर सबस्टेशन. बारा डब्यांच्या गाड्या तीन-तीन मिनिटांनी सोडायच्या तर त्या तारेने किती सोसायचं? सोनू, ही गाडी कुठल्या बनावटीची? तोंड जुनं दिसतंय.

सोनू: डार्ट म्हणतात तिला, इथली लोकल. १९८४ ला सुरू झाली, होथ ते ब्रे. फोटोतली त्या पहिल्या लॉटमधली, ८१०० क्लास. आणि काका, बनवली कोणी माहितीये? लिंके-हॉफमान-बुश, साल्झगिटर, जर्मनी.

बंडूकाका: म्हणजे एलएचबी??

सोनू: एलएचबी.

तन्मय: थांबा थांबा. एलएचबी कंपनीचं नाव आहे? मला वाटायचं डब्याचा प्रकार. तिकीट काढताना बघतो ना, 'एलएचबी रेक'.

बंडूकाका: बघा. याला आयआरसीटीसी पाठ, कंपनी माहीत नाही.

मीनाआत्या: बंडू, मुलाला टोचू नकोस. मलाही आत्ताच कळलं.

रविवार

सोनू: [व्हॉइस मेसेज ०:४१]

सोनू: काका, ओळखा. फोटो मुद्दाम टाकत नाही.

आई: मला पंखा लागल्यासारखा आवाज येतोय.

बंडूकाका: अल्को, म्हणजे आपलं जुनं डिझेल इंजिन, ते नाही. अल्को चालू उभं असलं की धाप लागल्यासारखं करतं, एकेक ठोका मोजता येतो. हा सलग आवाज आहे, टू-स्ट्रोकचा. ईएमडी कंपनीचं. पण आपल्या डब्ल्यूडीपी-४ डिझेल इंजिनापेक्षा हलकं वाटतंय.

सोनू: पैकीच्या पैकी. २०१ क्लास, जनरल मोटर्सचं, १९९४-९५ मध्ये कॅनडातून आलेलं. आतलं मशीन ईएमडी ७१०, पण सिलिंडर १२. आपल्या डब्ल्यूडीपी-४ ला १६. ३२०० हॉर्सपॉवर. कॉर्कच्या गाडीला हेच असतं.

तन्मय: आवाजावरून!! काका, तुम्ही यूट्यूब चॅनल काढा.

बंडूकाका: रेल्वेत सगळ्यांनाच येतं ते. रात्री झोपेतसुद्धा कळायचं शेजारच्या लाइनवर कोण आलं.

बंडूकाका: सोनू, गेज काय? दोन रुळांमधलं अंतर ना आपल्यासारखं वाटतं, ना मेट्रोसारखं.

सोनू: १६०० मिलिमीटर, ५ फूट ३ इंच. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ७६ मिलिमीटर कमी. डब्लिनमधल्या ट्रामचं मात्र १४३५. आणि ह्या १६०० ची गंमत मोठी आहे. इथली पहिली लाइन १८३४ ची, डब्लिन ते किंग्जटाउन (आता डन लिअरी म्हणतात, स्पेलिंग विचारू नका). म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या १९ वर्षं आधी. तिचं गेज इंग्लंडचं, ४ फूट साडेआठ इंच. मग बेलफास्टकडच्या कंपनीने ६ फूट २ इंच टाकलं. डब्लिनहून उत्तरेला निघालेल्यांनी ५ फूट २. दोघी एकमेकींच्या दिशेने रूळ टाकत येणार आणि मध्ये गाठ पडणार तर गाडी जाणार कशी? भांडण सरकारकडे गेलं. पास्ले नावाचे अधिकारी होते, त्यांनी सगळ्यांची मतं घेतली आणि सरासरी काढून ५ फूट ३ ठरवलं, असं सांगतात.

मीनाआत्या: म्हणजे कोणाचंच नाही, सगळ्यांनीच बदला. आमच्या भिशीची तारीख अशीच ठरते.

सोनू: हो आत्या, आणि बेलफास्टवाल्यांना टाकलेले रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले. आता गंमत अशी की इंग्लंडच्या गाड्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. इंजिन अमेरिकन कंपनीचं, डबे स्पेनचे, डिझेल रेक कोरियाचे, पण चाकांचं माप आयर्लंडचं सांगून करून घ्यायचं.

आई: सोनू, स्टेशनवर फोटो काढताना पोलीस विचारत नाहीत ना? इथे मागे तन्मयला कोणीतरी हटकलं होतं.

सोनू: नाही आई. पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं, ट्रायपॉड घेऊन वाट अडवायची नाही, फ्लॅश अजिबात नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाला आणखी दोघे-तिघे असतातच. एक आजोबा थर्मासमधून चहा देतात आणि इंजिनाचे नंबर वहीत टिपतात. फोटो काढत नाहीत, नुसते नंबर.

बंडूकाका: फ्लॅशचं लिहिलंस ते बरं केलंस. रात्री अंधाऱ्या सेक्शनमध्ये एखादा हौशी फ्लॅश मारतो आणि पुढची काही सेकंदं सिग्नल दिसत नाही. फोटो त्याचा, जीव माझ्या मागच्या दोन हजार माणसांचा.

तन्मय: दादा, तिकडे बोर्ड कुठल्या भाषेत?

सोनू: आयरिश आणि इंग्रजी. रेल्वेचं नाव इआर्नरोड एरन. इआरन म्हणजे लोखंड, रोड म्हणजे रस्ता.

बंडूकाका: लोहमार्ग!

सोनू: तंतोतंत. आणि मोठ्या स्टेशनांना ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात गेलेल्यांची नावं आहेत, १९६६ ला दिलेली. आमचं पश्चिमेकडचं टर्मिनस म्हणजे ह्यूस्टन. शॉन ह्यूस्टन त्याच रेल्वेत क्लार्क होता. २५ व्या वर्षी गोळ्या घालून मारलं.

बंडूकाका: क्लार्कच्या नावाने टर्मिनस. हे मला आवडलं.

मीनाआत्या: सगळ्यांनी केळवणाला कोण कोण येणार ते सांगा. गुरुवारी साडेबाराला. दोघांचीच नावं आली आहेत.

बंडूकाका: मी आहे. सोनू, एक सांगू? राग मानू नकोस. तुझे अर्धे फोटो पासपोर्ट साइझ आहेत. नुसतं इंजिनाचं तोंड. गाडी कुठून आली, कुठे चालली, चढ आहे का वळण, काही कळत नाही. गाडी जागेसकट काढायची.

सोनू: मान्य. म्हणूनच एक डोक्यात घेतलंय. २०१ क्लासच्या इंजिनांना नद्यांची नावं आहेत. २०७ नंबरचं नाव 'रिव्हर बॉइन'. बेलफास्टच्या एंटरप्राइझ गाडीला ते लागतं. आणि ती गाडी ड्रॉहेडा स्टेशन सोडलं की लगेच बॉइन नदीवरच्या पुलावर चढते. मला बॉइनवर बॉइन हवी आहे.

तन्मय: गोदावरी एक्सप्रेस गोदावरीवर!

स्नेहा: ह्या फोटोसाठी आतापर्यंत तीन शनिवार गेले आहेत. नोंद असावी.

सोनू: पहिल्या शनिवारी २०९ आलं, फॉइल नदीचं. दुसऱ्यांदा २०७ होतं, पण पुश-पुल गाडी, इंजिन मागे राहून ढकलत होतं. शेपूट तेवढी मिळाली. तिसऱ्यांदा इंजिन पुढे, नंबर बरोबर, आणि नेमका पुलावर ढग. पुढची गाडी येईपर्यंत लख्ख ऊन.

बंडूकाका: राजधानीला लावलं ना आपण पुश-पुल, कसाऱ्याच्या घाटात बँकर (मागून ढकलणारं जादा इंजिन) जोडायला थांबायला नको म्हणून. पूल कसला आहे?

सोनू: दोन्ही काठांना दगडी कमानी, मध्ये लोखंडी गर्डर. १८५५ चा. पाण्यापासून साधारण ९० फूट. पूल होईपर्यंत लोक एका काठाला उतरून गावातून पलीकडच्या गाडीला जायचे. आधी दोन रूळ होते, आता एकच, त्यामुळे गाडी सावकाश जाते. मी गावाच्या बाजूला, खाली नदीच्या काठावर उभा राहतो. पूल दक्षिणोत्तर, मी पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन माझ्या पाठीवरून थेट पुलावर. जूनमध्ये इथे दहापर्यंत उजेड असतो.

आई: जेवून जात जा.

बुधवार

सोनू: ऑफिसमधून लवकर निघालोय. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनला प्लॅटफॉर्मवर ते थर्मासवाले आजोबा भेटले, म्हणाले आज २०७ आहे आणि पुढे आहे.

स्नेहा: म्हणजे जेवायला मी एकटी. कळलं.

बंडूकाका: मी जागा आहे.

मीनाआत्या: बंडू, साडेअकरा वाजले. गोळी घेतलीस का?

सोनू: काठावर पोचलो. ऊन आहे. पुलाचा दगड मधासारखा दिसतोय.

सोनू: सिग्नल इथून दिसत नाही. स्टेशनातून इंजिनाचा आवाज वाढला.

बंडूकाका: नॉच घेतला त्याने, म्हणजे पॉवर वाढवली. तयार राहा.

बंडूकाका: सोनू?

बंडूकाका: आली का?

सोनू: हा मेसेज डिलीट केला आहे.

सोनू: [फोटो]

सोनू: काढला. पण नंबर वाचता येत नाही काका. शेवटच्या क्षणी मागे सरकलो, पूर्ण पूल घेतला, इंजिन नखाएवढं आलंय. हे २०७ आहे हे मला आणि आजोबांनाच माहीत.

तन्मय: दादा, नदीत पुलाचं प्रतिबिंब पडलंय, त्या प्रतिबिंबात पण गाडी आहे.

सोनू: अरे हो. मी बघितलंच नव्हतं.

बंडूकाका: ह्याला फोटो म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बारीक होतो, मेलवर मूळ साइझचा पाठव. स्टेशनजवळच्या दुकानात उद्या मोठा प्रिंट काढतो. हॉलमध्ये घड्याळाखाली जागा आहे.

मीनाआत्या: उद्या आधी केळवण. साडेबाराला. बंडू, श्रीखंड तू आणणार आहेस.

बंडूकाका: आणतो. सोनू, मागे उजवीकडे जे दुसरं रूळ दिसतं ते कसलं?