फादरांना तुम्ही कधी बोलावलंत? रुग्णाभ्यंगाचे अनुभव

मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता नागपूरच्या मोहननगरजवळच्या एका घरातून फोन आला. "काका, फादरला घेऊन या लवकर, पप्पांचं काही खरं नाही." आम्ही पोचलो तोवर पप्पा गेले होते. डॉक्टर येऊन, तपासून, कागदावर वेळ लिहून गेले होते. फादरांनी मृतासाठीच्या प्रार्थना म्हटल्या, पवित्र पाणी शिंपडलं, पण खिशातली तेलाची डबी बाहेर काढली नाही. मुलगा त्यांचा हात धरून म्हणत होता, "लावा ना फादर, हात अजून गरम आहे." रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा आमचा कॅथोलिक संस्कार, जिवंत माणसासाठी असतो हे त्या घडीला त्याला कोण सांगणार? फादर त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि दोघांनी मिळून रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हटली.

त्या पप्पांना कॅन्सर होऊन आठ महिने झाले होते. घरच्यांनी आधी कधीच बोलावलं नाही, कारण "फादर दिसले तर पप्पा समजतील की आता संपलं."

आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या गटात मी बारा वर्षं आहे. हे वाक्य मी सदरपासून हिंगण्यापर्यंत इतक्या घरांत ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. म्हणून हा धागा. वेळेवर बोलावलं असेल, उशीर झाला असेल, स्वतःच्या कपाळाला तेल लागलं असेल, तर लिहा. नावं नकोत, मोहल्ला लिहिलात तरी पुरे.

आधी थोडं सांगतो, म्हणजे गैरसमज राहायला नको. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातच आहे की कोणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तिथे "मरणाला टेकलेला" असा शब्द नाही. पुढे शतकानुशतकं हा संस्कार शेवटच्या घटकेपर्यंत ढकलला गेला आणि त्याला नावही तसंच पडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो परत आजाऱ्याच्या हाती दिला आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी लागू केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं तेल लावत, आता कपाळ आणि दोन्ही तळहात. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या क्रिझम मिस्सेत, म्हणजे तेलांसाठीच्या खास उपासनेत, आर्चबिशप तीन तेलांना आशीर्वाद देतात, त्यातलं एक आजाऱ्यांचं. तेच वर्षभर फादरांच्या डबीत असतं. मोठं ऑपरेशन असो, गंभीर आजार असो, म्हातारपणाने अंग खचलेलं असो, बोलवा. बरे होऊन पुन्हा आजारी पडलात, तर पुन्हा बोलवा.

आता तुमचं.

निवृत्त परिचारिका, अजनी

सरकारी दवाखान्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीच रात्रपाळीची. माझ्या गळ्यातला क्रूस बघून नातेवाईक हळूच विचारायचे, "सिस्टर, चर्चवाले फादर कुठे मिळतील?" विचारायचे तेव्हा पेशंट बहुतेक वेळा शुद्धीत नसायचा. पेशंट शुद्धीत असताना विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याचं मला नेहमी वाईट वाटलं, कारण शुद्धीत असलेल्याला फादर तीन गोष्टी देऊ शकतात: पापनिवेदन (फादरांजवळ पापांची कबुली), तेल आणि ख्रिस्तशरीर (प्रसादाची पवित्र भाकर). बेशुद्ध माणसाला तेल लावता येतं, त्याच्या पापांची क्षमाही देता येते, पण त्याच्या मनात वर्षानुवर्षं अडकलेलं जे असतं ते तो बोलू शकत नाही.

एक बाई आठवते, कामठीकडची, किडनीची पेशंट. दुपारी तीनची वेळ. पलंगाभोवती पडदा ओढला आणि फादरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. पापनिवेदन चालू असताना कोणी जवळ नको. वीस मिनिटं लागली. मग आत बोलावलं. मी लोखंडी टेबलावर धुतलेला पांढरा टॉवेल अंथरला, त्यावर क्रूस ठेवला. मेणबत्ती पेटवली नाही, बाजूला ऑक्सिजन होता. फादरांनी डबीतल्या कापसावर अंगठा दाबला आणि तिच्या कपाळावर क्रूस काढला. मग तिने आपणहून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. एका हाताला सलाइनची पट्टी. फादरांनी पट्टीच्या कडेने, सुईला धक्का न लावता, तळव्यावर क्रूस काढला. ती म्हणाली, "मले झोप येऊन राहिली, सिस्टर." चार दिवसांत तिला पहिल्यांदाच झोप लागली होती. पुढे बरी होऊन घरी गेली. सगळे बरे होऊन जातात असं मी म्हणणार नाही, एकतीस वर्षांत पुष्कळ गेलेलेही पाहिले. पण ज्यांना तेल लागलं त्यांचे चेहरे मी विसरले नाही.

अजून एक. फादर पोचणार नसतील आणि जन्मलेलं बाळ जगेल असं दिसत नसेल, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते." आईबापांच्या संमतीने मी दोनदा दिला आहे. तेल मात्र फक्त फादर किंवा बिशपच लावू शकतात. मठातली सिस्टर नाही, डीकन (फादरांच्या खालच्या पायरीवरचा धर्मसेवक) नाही, मी नाही.

(ताईंनी हे लिहिलं ते फार बरं झालं. मेणबत्ती आणि ऑक्सिजनचं तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं.)

नोकरदार, खामला

आमच्याकडे आजी या संस्काराला अंतमलन, म्हणजे शेवटचं तेल, म्हणायची. घरात बोलणं मराठी, पण प्रार्थना सगळ्या हिंदीत, कारण ती हिंदी मिस्सेतच वाढली. "प्रणाम मरिया, कृपापूर्ण" ती इतकी भराभर म्हणायची की आम्हा पोरांना तो एकच लांबलचक शब्द वाटायचा. तिला तेल चार वेळा लागलं. पहिल्यांदा पप्पा काही केल्या तयार नव्हते, तेव्हा तीच म्हणाली, "तू काहून भिऊन राहिला? मरायचं मले आहे."

चौथ्या वेळी तिला बोलता येत नव्हतं. आम्ही मराठीत म्हटलं, "नमो मरिये." ती गप्प. मग माझ्या बहिणीने हिंदीत सुरू केलं आणि आजीचे ओठ हलायला लागले. फादरांनी पुढचा विधी हिंदीत केला. त्यांनी कोणाला विचारलं नाही, त्यांच्या लक्षात आलं. फादरांना बोलावताना आजारी माणूस कोणत्या भाषेत प्रार्थना करतो हे आधी सांगा, एवढंच सुचवतो. आपल्या नागपुरात इंग्रजी, हिंदी, मराठी, तमिळ, मल्याळम सगळं आहे, मग शेवटच्या दुखण्यात माणसाला परक्या भाषेत का ठेवायचं?

व्यापारी, जरीपटका

बायपासच्या आदल्या दिवशी संस्कार घेतला. चौदा वर्षांनी पापनिवेदन केलं. ऑपरेशनपेक्षा त्याचीच भीती जास्त होती. काय बोललो ते इथे लिहीत नाही. फादर तर कुठेच सांगू शकत नाहीत, मेले तरी नाही. स्ट्रेचरवर नेताना कपाळ थोडं तेलकट लागत होतं. हात लावून पाहावंसं वाटलं, पण हात बांधलेले होते.

शिक्षिका, सेमिनरी हिल्स

माझा अनुभव न मिळालेल्या तेलाचा आहे. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. नागपुरात तेव्हा काय चाललं होतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मम्मी एका खाजगी दवाखान्यात, सहाव्या मजल्यावर. फादर पीपीई किट घालून यायला तयार होते. हातमोजा घालून, कापसाच्या काडीने तेल लावता येतं, तेही त्यांनी सांगितलं. दवाखान्याने सोडलं नाही. मी गेटवर दोन तास भांडले. फादर उन्हात स्कूटरला टेकून उभे होते, एकदाही "चला, जाऊ या" म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, फोनवर करा. ते म्हणाले, फोनवर संस्कार होत नाही, बाळा, त्याला माणूस समोर लागतो. तेव्हा मला त्यांचा राग आला. मग त्यांनी सांगितलं की पोपसाहेबांच्या अधिकाराने व्हॅटिकनने २० मार्च २०२० लाच कोविडच्या रुग्णांसाठी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सुटका, जाहीर करून ठेवली आहे. जो संस्काराला पोचू शकत नाही त्याने मनापासून पश्चात्ताप केला, तर देव दारात अडत नाही. रात्री आतल्या एका मल्याळी नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. मम्मीच्या कानाशी फोन धरला, आम्ही "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटलं, आणि त्या मुलीने हातमोज्याच्या बोटाने मम्मीच्या कपाळावर क्रूस काढला. तो संस्कार नव्हता, मला माहीत आहे. मम्मी पहाटे गेली. त्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिला नाही, मास्क आणि शील्ड होती. रोज रात्रीच्या प्रार्थनेत तिच्यासाठी एक "नमो मरिये" म्हणते.

(यावर मला काही लिहिता येत नाही. फादर तिथे उभे राहिले हे वाचून बरं वाटलं.)

डायलिसिसवर असलेला, हिंगणा रोड

११ फेब्रुवारीला लूर्डमातेच्या (मरियामातेच्या) सणाला आमच्याकडे आजाऱ्यांची मिस्सा असते. १९९३ पासून हा दिवस जगभर रुग्णांसाठी पाळतात. मिस्सेत सगळ्यांसमोर तेल लावतात. पहिल्या वर्षी मी बाकावरून उठलोच नाही. चाळिशीत आहे, दिसायला धडधाकट आहे, लोक काय म्हणतील? दुसऱ्या वर्षी बायकोने कोपर मारलं. रांगेत माझ्यापुढे एक कॉलेजातला मुलगा होता. त्याला काय झालंय ते मी विचारलं नाही, त्यानेही मला विचारलं नाही. डायलिसिस सुटलं नाही. पण त्या दिवसापासून सेंटरला जाताना मी एकटा नसतो.

अनामिक

माझे वडील चर्चशी भांडून बाहेर पडले होते. वीस वर्षं मिस्सेला गेले नाहीत. स्ट्रोक होऊन बेशुद्ध पडले तेव्हा आम्ही फादरांना बोलावलं. ते त्यांना आवडलं असतं का, हे मला आजही कळत नाही.

(फादरांना विचारून लिहितो: शुद्धीत असते तर निदान मनातून तरी मागितला असता, असं वाटत असेल तर द्यावा. असंच चर्चचा कायदा सांगतो. उघड, गंभीर पापाला हट्टाने चिकटून राहणाऱ्यालाच तो देत नाहीत. तुमच्या बाबांच्या पाकिटात काय काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच. मी अशा रागावलेल्या तिघांच्या पाकिटात रोझरी पाहिली आहे.)

सून, इंदोरा

मी बौद्ध. लग्न चर्चमध्ये झालं, त्यासाठी बिशपांची परवानगी काढावी लागली होती. माझ्या माहेरी दर वर्षी दीक्षाभूमीला जातात, मीही जाते. सासरी रविवारी मिस्सा. दोन्ही नीट चाललं आहे.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नवरा पुण्याला, दीर दुबईला. त्या दोन दिवस काही खाईनात. मला म्हणाल्या, "पोरी, फादरला बोलाव." मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आत्ताच कशाला? आई घाबरेल." मी म्हटलं, तीच तर म्हणून राहिली.

फादरांनी फोनवर सांगितलं तसं सगळं मांडलं. स्टुलावर पांढरा रुमाल, क्रूस, दोन मेणबत्त्या, वाटीत पाणी, पेल्यात पाणी. ४५ डिग्री, लाईट गेलेली, कूलर बंद. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि मेणबत्ती विझत होती, म्हणून फादर म्हणाले, "राहू दे वारा, थोडा वेळ." मी बाहेर जायला निघाले तर सासूबाईंनी पदर धरला. पापनिवेदनापुरतं फादरांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि परत बोलावलं. याकोबाच्या पत्रातल्या चार ओळी त्यांनी माझ्याकडून वाचून घेतल्या. माझा आवाज कापत होता. तेल लावलं. मग छोट्या डबीतून ख्रिस्तशरीर दिलं. तिला गिळवत नव्हतं, म्हणून फादरांनी अगदी बारीक तुकडा दिला आणि मी चमच्याने पाणी पाजलं. एरवी ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नसतं. आजाऱ्याला ते बंधन नाही, त्याची सेवा करणाऱ्यालाही नाही, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवलीस का?" मी सकाळपासून जेवले नव्हते.

जाताना त्यांनी अंगठा पुसलेला कापूस माझ्या हातात दिला. कचऱ्यात टाकायचा नाही, जाळून राख मातीत घालायची. मी तो गच्चीवर नेला आणि संत्र्याच्या कुंडीत जाळला. हा हा म्हणता जळला. तेलाचा वास आला, आपल्या फोडणीच्या तेलाचा नव्हे, वेगळाच. खाली आले तर सासूबाई हाक मारत होत्या, "पोरी, पातळ खिचडी टाक, दोघींची."