'बाद' मत आणि 'बाद' उमेदवार, नेमका अर्थ काय?

पुणे पदवीधर मतदारसंघात आपलं कोल्हापूर येतंय, त्यामुळं विधान परिषदेचं वारं सुटलं की पसंतीक्रम (उमेदवारांपुढं १, २, ३ घालायचं), कोटा (जिंकायला लागणारी मतं), बाद फेरी हे शब्द बिंदू चौकापासून सुरू. पण एकाच बातमीत 'इतकी मतं बाद' असतंय आणि खाली 'बाद उमेदवाराची मतं पुढच्याला गेली' पण असतंय. बाद झालेलं मत पुढं जाईलच कसं?

— दोन वेगळे बाद हायत भावा. मत बाद म्हणजे अवैध. १ आकडा घालायच्या जागी बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरात लिहिलं, दोघांपुढं १ घातला, नाहीतर तिथं दिलेला पेन सोडून खिशातलाच काढला, की ती मतपत्रिका हिशोबातच नाही. उमेदवार बाद म्हणजे कोटा कुणाचाच भरला नाही म्हणून सगळ्यात खालचा बाहेर, आणि त्याच्या गठ्ठ्यातली एकेक मतपत्रिका उलगडून २ कुणापुढं हाय बघून त्याच्याकडं टाकायची, मत चांगलं जिवंत असतंय.

— त्यापेक्षा 'दुसऱ्या पसंतीचं मत' हाच शब्द जास्त घोळ करतोय. आमच्याकडं लोक बिनधास्त सांगतात, "एक नंबर आण्णांना, दोन नंबर तुला", जसं काय दोघांत वाटून दिलं. अरे मत एकच, आण्णा शर्यतीत हायत तोवर तुझ्या २ ला कोण विचारतंय! घटनेतला 'एकल संक्रमणीय मत' बोलताना दात पडतील पण अर्थ चोख हाय.

— आणि कोटा?

— पदवीधरला जागा एकच, म्हणून वैध मतांच्या निम्मी अधिक एक. २०२० ला पदवीधरला अरुण लाड पहिल्या पसंतीतच पार झाले, पुणे शिक्षक मतदारसंघात जयंत आसगावकरांना मात्र पुढच्या पसंतीपर्यंत थांबावं लागलं. आमदार मतदान करतात तिथं जागा जास्त म्हणून कोटा खाली येतो, जुलै २०२४ मध्ये ११ जागांना २३ चा होता, आणि तिथं निवडून आलेल्याची कोट्यावरची जादा मतं पण पुढं सरकतात.

— ज्यानं नुसता १ घातला आणि त्याचा गडी बाद झाला, त्या मताला काय म्हणायचं? अवैध तर नव्हतं.

— 'खुंटलेलं मत' म्हणा की.

— चालतंय, 'बाद' तेवढं नको.