जुनी फोर बाय फोर घेतली, पैसे थोडेच उरलेत, आधी कशाला हात लावू?

खडकवाट:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात सेकंड हँड फोर बाय फोर घेतली. पंधरा वर्षं जुनी, डिझेल, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा), चारही कोपऱ्यांत कमानपाटे, लो-हायची वेगळी दांडी आणि पुढचे हब खाली उतरून हाताने लॉक करायचे. इंजिन एका सेल्फला सुरू झालं, धूर नाही, तिथेच मन बसलं. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचा एकही कागद नव्हता, "वेळच्या वेळी ऑइल बदललंय" एवढंच म्हणाले.

आता डोक्यात बरंच काही आहे, दोन इंचाची लिफ्ट (गाडी उंच करणं), मोठे एमटी म्हणजे चिखलाचे मड-टेरेन टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), स्नॉर्केल (इंजिनची हवा वरून घेणारी नळी), वर लाइट बार. पण पैसे यातल्या एखाद्याच कामापुरते आहेत. शिवाय तीन गोष्टी खटकतायत. साठच्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग इतकं थरथरतं की दोन्ही हातांनी धरूनही थांबत नाही, गाडी जवळजवळ उभी करावी लागते. दुसरं, गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक' असा आवाज. तिसरं, पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, गोल नकलवर (चाक ज्यावर वळतं तो सांधा) तेलकट ओल आहे. मेकॅनिक म्हणाला जाड स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर) टाका, थरथर बंद होईल. तुम्ही कुठून सुरुवात केली असती? पाने, जॅक, स्टँड आहेत, जमेल तेवढं मी स्वतःच करणार आहे.

ग्रीसगन:
भावा आधी अभिनंदन, सॉलिड ॲक्सल आणि पाटे म्हणजे घरी हात काळे करून दुरुस्त होणारी गाडी, चांगली निवड केलीस. पण लिफ्ट, विंच, लाइट बार हे सगळं निदान सहा महिने बाजूला ठेव. कागद नाही याचा अर्थ काहीच बदललेलं नाही असा धरायचा. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढचं डिफरन्शिअल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा), मागचं डिफरन्शिअल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळं काढ आणि नवीन भर. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल तर तो पहिल्याच आठवड्यात बदल, कारण बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि मग तुझं सगळं बजेट त्या एका हेडमध्ये जातं.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, माझी पूर्ण संध्याकाळ यात गेलेली आहे. डिफरन्शिअलचं ऑइल सोडायच्या आधी *भरायचा* नट सुटतो का ते बघ. खालचा सोडला, ऑइल सगळं बाहेर, आणि वरचा नट गंजून जाम झालेला असला तर गाडी तिथेच उभी राहते.

काढलेलं ऑइल लगेच फेकू नकोस, पांढऱ्या डब्यात घेऊन उजेडात बघ. काळं असेल तर नुसतं जुनं आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडी पेस्ट असणारच, बोटात घेऊन चोळून बघ, मऊ लागली तर काळजी नाही, खडे किंवा तुकडे लागले तर आतल्या गिअरचं किंवा बेअरिंगचं काहीतरी गेलंय. डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, सहसा ८०डब्ल्यू-९० जाडीचं, पण तेच उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस, जुन्या गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) पितळी असतात आणि बऱ्याच जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळ खातात, तिथे मॅन्युअल जे म्हणेल तेच.

आणि ब्रीदर बघ!! दोन्ही ॲक्सलच्या हौसिंगवर (बाहेरच्या कवचावर) वर एक छोटी टोपी किंवा नळी असते, कोणी तिच्याकडे बघतही नाही. ती चिखलाने बंद झाली की चालून आतली हवा गरम होऊन फुगते, बाहेर जायला जागा नाही म्हणून सीलमधून ऑइल ढकलते. आणि तशाच गरम गाडीने गार पाण्यात उतरलास की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढते. तुझी ती तेलकट ओल याच्यामुळेही असू शकते. साधी ऑइल चालणारी रबरी नळी घे, इंजिनच्या वरपर्यंत नेऊन बांध, टोकाला छोटा फिल्टर लाव. स्नॉर्केलच्या आधी हे, कारण ओढा ओलांडताना इंजिनच्या हवेपर्यंत पाणी पोचायच्या खूप आधी ॲक्सल बुडलेले असतात.

किंगपिन_दोन:
थरथरीबद्दल लिहितो, कारण हीच सगळ्यात धोक्याची आहे, यावर डँपर हा इलाज नाहीये. डँपरने प्ले (सांध्यातला ढिलेपणा) दिसेनासा होतो पण जात नाही, आणि झिजत असलेली वस्तू आतल्या आत झिजत राहते. खड्ड्याने सुरू होते आणि वेग पार उतरल्याशिवाय थांबत नाही म्हणजे पुढे कुठेतरी काहीतरी ढिलं आहे, ते शोध.

पुढचं चाक जॅकवर घे, स्टँड लाव, चाक घड्याळात बारा आणि सहा वाजता जिथे काटे असतात तिथे धरून हलव. खटखट जाणवली की कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर नकल वळतं ती). मग तीन आणि नऊवर धरून हलव, तिथे टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचे सांधे) कळतील. त्यानंतर गाडी चाकांवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, कोणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटपट थोडं थोडं हलवायला सांग आणि तू खाली बघ, नुसतं डोळ्यांनी नाही, प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवून. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो ते बोटाला लगेच कळतं. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट आणि पाट्यांचे बुश पण याच वेळी बघून घे.

किंगपिनला बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) असतील तर बेअरिंग नवीन टाकून नुसतं कसायचं नाही, प्रीलोड (बेअरिंगवर ठरलेला दाब) लावायचा. टायरॉड सोडून नकल ताणकाट्याने ओढायचं, किती जोराला हलतंय ते मोजायचं आणि मॅन्युअलच्या आकड्यात बसेपर्यंत शिम कमी-जास्त करायचे. वेळखाऊ आहे पण खर्च फक्त बेअरिंग आणि सीलचा. चाकांचं बॅलन्सिंगही करून घे, त्यानेच बऱ्याचदा ठिणगी पडते.

'टक' आवाज म्हणजे बहुतेक प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. न्यूट्रलमध्ये, चाकांना उटी लावून, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघ.

रानवाटा:
वरच्या दोघांशी जवळपास सहमत, फक्त "सहा महिने काहीच नको" हे मला पटत नाही. टायर खराब असतील तर ते थांबू शकत नाहीत. खडकवाट, टायरच्या बाजूला चार आकडी कोड शोधा, २३१४ असेल तर २०१४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही, बाजूला बारीक तडे दिसतात. असे असतील तर पहिला मोठा खर्च तोच करा.

पण एमटी नको, एटी (ऑल-टेरेन) घ्या. तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरावरच धावणार, एमटी तिथे गोंगाट करतात, पावसात ब्रेकला कमी पडतात आणि डिझेल जास्त खातात. आणि साइझ फार वाढवू नका. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकलात तर टायरचा व्यास सुमारे ३० मिमीने वाढतो, म्हणजे गाडी १५ मिमी वर जाते आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०४ च्या आसपास असतो. एवढं ठीक आहे. त्यापुढे गेलात की लो गिअरची ताकद कमी होते, ब्रेकवर भार येतो, आणि ढिल्या किंगपिनला तर ते जड चाक अजूनच हलवतं.

लिफ्टबद्दल एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत लिफ्ट किटने बॉडी वर जाते, डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून आहे तेवढ्याच उंचीवर राहतो! तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. लिफ्टने चढ-उताराचे कोन सुधारतात, टायरला जागा मिळते हे खरं, पण शाफ्टचे कोन बिघडतात, ब्रेकच्या नळ्या कमी पडतात. नुसत्या लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून स्वस्तात उचलायची तर अजिबात नको, पुढे कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बदलतो आणि गाडी सरळ धावत नाही.

सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे हवेचं मीटर आणि बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर, बॅटरीला थेट क्लिप लावायचा, लायटरच्या सॉकेटवाला नको. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर दगडधोंड्यात २२-२४, मऊ वाळूत १६-१८. टायर लांबट पसरतो आणि जिथे चाक नुसतं फिरत होतं तिथून गाडी आरामात निघते. मी वाळूत अर्धा तास फावडं मारून न निघालेली गाडी हवा कमी केल्यावर पहिल्याच प्रयत्नात निघताना पाहिलीय. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायचीच, कमी हवेत वेग घेतला की टायर तापून फुटतो.

आणि कृपा करून मागच्या टो बॉलला पट्टा अडकवून कोणाला ओढू देऊ नका. तो ट्रेलर ओढायला असतो, झटका सोसायला नाही. तुटला की तोफगोळ्यासारखा येतो, यात माणसं गेली आहेत. चेसिसला बोल्टने बसवलेला रेटिंगचा हुक आणि ४.७५ टनाची बो शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), विंचच्या खूप आधी हे.

गंजशोध्या:
माझं एकच म्हणणं, चेसिस. पुढच्या-मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि चाकांच्या वर हातोडीने हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बसका 'भद' आला तर तिथे पातळ झालंय, स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. चेसिसच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, त्यात सुकलेला चिखल असतो, तो तारेने काढ आणि आतून पाण्याचा पाइप सोड. गंजावर सरळ काळं अंडरकोटिंग मारू नकोस, त्याच्या आड ओल अडकते आणि वरून छान दिसणारं लोखंड आतून खपतं. तारेचा ब्रश, गंजावर मारायचं रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, मग रंग.

लाइट बारच्या ऐवजी हेडलाइटला रिले लाव. जुन्या गाडीत सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून पातळ वायरने फिरून येतो आणि बल्बपर्यंत व्होल्टेज पडतं. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले, तेच बल्ब कितीतरी पांढरे पेटतात.

ब्रेक ऑइल पण टाळू नका कोणी. ते हवेतली ओल पितं. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल पिऊन झाल्यावर तोच किमान आकडा १५५ आहे. लांब घाटात सतत ब्रेक मारत उतरताना आत वाफ झाली की पाय थेट तळाला जातो. दोन वर्षांनी बदलायचं.

खडकवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रविवार गाडीखालीच होतो. फोटो चढत नाहीयेत म्हणून लिहूनच सांगतो.

पुढच्या डिफरन्शिअलचा भरायचा नट खरंच जाम होता, ग्रीसगन दादा तुम्ही सांगितलं नसतं तर मी आधी खालचाच सोडला असता. गंज सोडवायचं ऑइल रात्रभर मारून ठेवलं, सकाळी लांब पाइप घालून सुटला. ऑइल अगदी दुधाच्या चहासारखं निघालं, वर फेस. ब्रीदरची टोपी हातात घेतली तर चिखल वाळून तिचा दगड झालेला, खिळ्याने टोकरून काढावा लागला! मागचं ऑइल काळं पण स्वच्छ, चुंबकावर मऊ पेस्ट.

डावं चाक बारा-सहावर हलत होतं, बायकोला ब्रेक दाबायला बसवलं तरी हललंच. किंगपिन. उघडल्यावर खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरच्या आकाराच्या चरी पडलेल्या, बोट फिरवलं की मोजता येत होत्या. नकलमधलं ग्रीस पातळ होऊन सूपसारखं झालेलं. मागच्या शाफ्टचा एक क्रॉस काढला तर बेअरिंगच्या सुया नव्हत्याच, लालसर भुकटी फक्त. टायर १७ सालचे निघाले, तडे आहेत.

म्हणजे लिफ्ट, विंच सगळं बाद, बेअरिंग, सील, क्रॉस, ऑइल आणि उरलेल्यात चार एटी टायर बसतील असं दिसतंय. एकच शंका, डिफरन्शिअल आतून डिझेलने धुऊ का?

ग्रीसगन:
डिझेल ओतून गाडी चालवू नकोस, गिअरवरचा ऑइलचा थर जातो. स्वस्त जीएल-५ भर, हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर १५-२० किमी हळू फिरव, गरम असतानाच काढ. पुन्हा दुधाळ निघालं तर परत एकदा. स्वच्छ निघालं की मग चांगलं भर. डांबरावर हब लॉक करून फोर व्हील टाकून नको, मध्ये डिफरन्शिअल नाहीये, वळताना सगळी लाइन पिळली जाते.

नकलमधलं ग्रीस पातळ झालंय म्हणजे आतलं ॲक्सल सील गेलंय, हौसिंगचं ऑइल तिथून नकलमध्ये येतंय. किंगपिन उघडलंच आहेस तर शाफ्ट बाहेर काढून ते सील आत्ताच बदल, आणि सील जिथे टेकतं तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी रेघ पडलीय का बघ. उजवीकडचंही उघड, तिकडे प्ले नसला तरी.

किंगपिन_दोन:
आणि चाकांचे नट ५०-१०० किमीनंतर परत कस. थरथर गेली का ते नक्की कळव, वाट बघतोय.

खडकवाट:
उजवीकडचं काल उघडलं, तिकडचं सील पण गेलेलं. दोन्ही नवीन बसवली, प्रीलोड तिसऱ्या शिमला आकड्यात आला. आज त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यावरून साठने नेली. एक दणका बसला आणि स्टिअरिंग जागच्या जागी. डँपर अजून जुनाच आहे.